वरचं बटण

पत्ते खेळणाऱ्या माणसांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली मी. मागच्या लांब सीटवर डाव मांडून बसलेल्या टोळक्याला तिकीट विचारलं की म्हणायचे, "थांबा हो बाई, एवढा डाव होऊ द्या." डाव होऊ द्या! यांचा डाव व्हायचा, तोवर यांचा स्टॉप मागे पडायचा आणि मग माझ्याच नावाने बोंब. त्यामुळे माझा सख्खा मोठा भाऊ दर रविवारी दुपारी सलूनच्या मागच्या खोलीत पत्ते कुटायला जातो, हे मला अजिबात पटायचं नाही. मी तोंडावर बोलायची. दादा हसायचा. वहिनी मात्र एका शब्दाने कधी बोलली नाही. उलट निघताना तीच त्याच्या हातात बटणांची बरणी द्यायची.

कारण हे चौघे, म्हणजे दादा, सलूनवाले, पोस्टमन आणि चष्मेवाले, पैशावर नाही, बटणांवर खेळायचे. आमच्या वहिनीचं शर्ट शिवायचं दुकान. तुटकी, जोडीदार हरवलेली, रंग उडालेली बटणं एका बरणीत पडायची आणि रविवारी ती बरणी सलूनमध्ये जायची. संध्याकाळी सगळीच्या सगळी परत यायची. जिंकलेली काय नि हरलेली काय, बरणी एकच.

दुकान नावाला दोघांचं, गावही दादालाच मास्तर म्हणायचं, पण कारभार वहिनीचा. माप तिने घ्यायचं, कापायचं तिने, शिवायचं तिने. दादाने काजं करायची, इस्त्री मारायची आणि तिने सांगितलेलं माप लिहायचं. गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून ती खणखणीत आवाजात ओरडायची, "गळा साडेपंधरा. घेतलं का?" दादा पेन्सिल चालवत म्हणायचा, "घेतलं." "खांदा अठरा. घेतलं का?" "घेतलं." दिवसभर हेच. रस्त्यावरून जाणाऱ्यांना गावातल्या निम्म्या पुरुषांची पोटं पाठ झाली होती. मी म्हणायची, "अगं, हळू बोल, तो काय बहिरा आहे?" तर म्हणायची, "मोठ्याने बोललं की चूक होत नाही." ही सवय तिच्या इतकी हाडीमाशी खिळली होती, की आकडा दिसला की तोंडातून निघालाच. घराचा नंबर, बसचा नंबर, डब्यावरची किंमत, काहीही. देवळात बोलावं तसं कुजबुजणं तिला येतच नव्हतं.

दादा गेला तो असाच, एका सकाळी. दुकानाचं शटर वर ढकललं आणि तिथेच पायरीवर बसला. वहिनीला वाटलं, दम खातोय. आत जाऊन तिने मशीनला तेल घातलं, बाहेर आली तर मान छातीवर पडलेली. डॉक्टर म्हणाले, "हे आत वर्षभर तरी चाललेलं असणार. त्यांना स्वतःला कळलं नसेल, असं होत नाही."

आता हे बोलायची काही गरज होती का? माणूस तर गेला. पण डॉक्टरांनी आपलं ज्ञान पाजळलं, आणि ते वाक्य वहिनीच्या घशात काट्यासारखं अडकलं. महिनाभर ती मला एकच विचारत राहिली. "ह्यांना ठाऊक होतं का गं? ठाऊक असून मला सांगितलं नाही का?"

मी म्हणायची, "छे! दादाला कधी खोटं बोलता आलंय का? लहानपणी साखर खाल्ली तरी स्वतःच जाऊन आईला सांगायचा."

"मग ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"मग डॉक्टर खोटं बोलले?"

मला उत्तर नसलं की राग येतो. मी म्हटलं, "त्या पत्तेवाल्यांना विचार ना! दर रविवारी तिथे काय गप्पा हाणत होता, ते त्यांना ठाऊक."

मला काय माहीत, ती खरंच उठून जाईल, तीही मला सोबत घेऊन.

सलूनवाले गिऱ्हाइकाची दाढी करत होते. वहिनीने सरळ विचारलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "वहिनी, टेबलावर आम्ही घरचं बोलत नाही. पहिल्यापासूनचा नियम आहे."

"आणि खुर्चीत?"

"खुर्चीत बसून माणूस जे बोलतो, ते आम्ही केसांबरोबर झाडून टाकतो. माझ्या वडिलांनी शिकवलंय मला. ते मोडलं तर उद्या माझ्या हाताखाली मान कोण देईल?"

आम्ही आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. गोल टेबल, चार खुर्च्या, एका खुर्चीवर वहिनीनेच शिवलेली गादी. ती दादाची. वहिनी तिच्याकडे बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "या रविवारी मी बसते इथे."

सलूनवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, "पण खेळ यायला हवा ना. आणि पोस्टमनचा मेहुणा कधीपासून त्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे."

"शिकवा. महिन्याभरात जमलं नाही तर बसवा मेहुण्याला."

बाहेर आल्यावर मी तिला धारेवर धरलं. "हे काय नवीन खूळ? म्हातारपणी पत्ते?"

ती शांतपणे म्हणाली, "बोलणार नाहीत म्हणाले. पण खेळणार तर आहेत ना? माणूस कसा खेळायचा, ते खेळताना कळेलच की. आमचे हे थाप मारू शकत होते का, एवढंच मला बघायचंय."

म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकारच नव्हता. भांडं डोक्यावर घेऊन चालली होती बाई.

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी सलूनवाले पत्त्यांचा जोड घेऊन दुकानात आले. कापडाचे ठाण बाजूला सारले आणि कापायच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. प्रत्येकाला दोन पत्ते, उलटे. ते फक्त आपण बघायचे. मग बटणं लावायची. मग मध्ये तीन पत्ते उघडे टाकायचे. पुन्हा बटणं. मग चौथा, मग पाचवा, आणि दर वेळी ज्याला दम नाही त्याने पॅक म्हणायचं आणि पत्ते टाकायचे. मधले पाच आणि हातातले दोन, या सातांतून ज्याचे पाच सगळ्यात भारी, तो जिंकला.

मी म्हटलं, "मधले पाच कोणाचे?"

"सगळ्यांचे."

"सगळ्यांचे कसे? मध्ये दोन एक्के आले तर मलाही जोडी, हिलाही जोडी, तुम्हालाही जोडी. मग जिंकलं कोण?"

"हातातल्या दोनांवर ठरतं ना, ताई."

"आणि मधलेच पाच सगळ्यांपेक्षा भारी निघाले तर?"

"तर बटणं सगळ्यांनी वाटून घ्यायची."

"मग एवढा वेळ बसलो कशाला?" मी म्हटलं. सलूनवाल्यांनी कपाळाला हात लावला.

वहिनीला मात्र ते लवकर उमगलं. तिने आधी मधले पत्ते उचलून आपल्या हातात नीट लावून घेतले होते. सलूनवाल्यांनी ते परत ठेवायला लावले, तेव्हा त्या पाचांवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, "म्हणजे वरचं कापड सगळ्यांना दिसतं. अस्तर ज्याचं त्याला ठाऊक."

"बरोबर!" सलूनवाले खूश झाले.

"आणि अस्तर फाटकं असलं तरी भारी असल्यासारखं बसायचं?"

"त्यालाच आम्ही थाप म्हणतो. अर्धा खेळ तोच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, ओळीने पाच, एका रंगाचे पाच, हे सगळं तिने दोन संध्याकाळींत पाठ केलं. मी अजूनही बोटांवर मोजत होते. मला वाटलं, जमलं हिला.

कसलं जमतंय! पहिल्या रविवारी मी भिंतीकडेच्या बाकावर टेकले, ती दादाच्या गादीवर बसली, दोन पत्ते उचलले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बदाम नव्वी. किलवर राजा."

पोस्टमनने चष्मेवाल्यांकडे बघितलं, चष्मेवाल्यांनी सलूनवाल्यांकडे. वहिनी अजून पत्त्यांकडेच बघत होती. आपण काही बोललो, हे तिच्या गावीही नव्हतं.

"वहिनी," सलूनवाले हळूच म्हणाले, "मनात वाचायचे."

"मनातच वाचले."

मला हसू आवरेना आणि रडूही यायला लागलं. कारण बोलून झाल्यावर तिने जरा थांबून मान वळवली होती. उजवीकडे, जिथे दुकानात दादा पेन्सिल घेऊन बसायचा तिकडे. उत्तराची वाट बघत. हे त्या तिघांना कळलं नसेल. मला कळलं.

त्या दिवशी ती सगळी बटणं हरली. पुढच्या रविवारीही तेच. ओठ घट्ट मिटून बसायची, पण नवा पत्ता आला की तोंड उघडलंच, "चौकट दश्शी!" चष्मेवाले सज्जन माणूस. ते स्वतःच्या कानांवर हात ठेवायचे. पण ते इतके जाड भिंगांचे चष्मे लावायचे, की त्यांचे पत्ते त्या भिंगांतच दिसायचे. तेव्हा त्यांनी कुणाला सज्जनपणा शिकवू नये. पोस्टमन उघड कुरकुरायला लागला. "याला काय खेळ म्हणायचा? माझ्या मेहुण्याला निदान गप्प तरी बसता येतं." मी बाकावरून म्हटलं, "मग त्याला पुतळा म्हणून उभा करा." पण मनातून मलाही धास्ती वाटत होती. खुर्ची गेली, तर वहिनीचा तो एकच प्रश्न आणि मी, दोघी आयुष्यभर समोरासमोर बसणार होतो.

तिसऱ्या रविवारी वहिनी दादाचा चौकड्यांचा शर्ट अंगावर चढवून आली. चांगलं कापड वाया घालवणं तिच्या रक्तात नाही. दादाचे शर्ट ती दुकानात काम करताना वरून घालायची. खुर्चीवर बसली, खिशातून टाचण्यांची डबी काढली आणि तीन-चार टाचण्या ओठांत धरल्या. शिंपी लोक धरतात तशा, डोकी बाहेर, टोकं आत.

"हे काय?" पोस्टमन म्हणाला.

"उम्," वहिनी म्हणाली.

तोंडात टाचण्या असताना शिंपी बोलत नाही. बोलला तर टाचणी पोटात जाते. एवढी वर्षं गिऱ्हाइकाच्या अंगावर कापड लावताना ती अशीच मुकी असायची, हे मला आठवायलाच हवं होतं. पत्ते आले, तिने उचलले, बघितले, ठेवले. आवाज नाही! मी बाकावरून टाळीच वाजवणार होते.

आणि मग तिचं नशीबही जागं झालं. तिघांना तिच्या चेहऱ्यावरचं काही कळेना. ओठांतून टाचण्या निघालेल्या बाईच्या तोंडावर काय वाचणार? दोन डाव ती जिंकली. बटणांचा ढीग वाढला. पोस्टमनचा घाम निघाला.

मग तो डाव आला. मध्ये तीन पत्ते पडले. बदाम राजा, किलवर राजा, चौकट दश्शी. वहिनीने शांतपणे मूठभर बटणं पुढे सरकवली. चष्मेवाले पॅक. सलूनवाल्यांनी जरा विचार केला आणि तेही पॅक. उरला पोस्टमन. चौथा पत्ता इस्पिक पंजी, वहिनीची आणखी एक मूठ. पाचवा बदाम दुर्री. वहिनीने राहिलेली सगळी बटणं दोन्ही हातांनी मध्ये लोटली. हिच्याकडे तिसरा राजा आहे, यात मला तरी शंका नव्हती. पोस्टमनलाही नव्हती. त्याने पत्ते टाकायला उचललेसुद्धा.

तेवढ्यात वहिनीचा हात वर गेला, आणि तिने अंगातल्या शर्टाचं गळ्याजवळचं वरचं बटण लावलं.

पोस्टमनचा हात तिथेच थांबला. तो सलूनवाल्यांकडे बघायला लागला. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. मग पोस्टमन अगदी हळू, जणू देवघरात बोलतोय अशा आवाजात म्हणाला, "थाप आहे."

वहिनीने एकेक टाचणी तोंडातून काढून डबीत ठेवली. "कशावरून?"

पोस्टमनने मान खाली घातली. मला राहवलं नाही. "अहो, बोला ना! दातखीळ बसली का तिघांची?"

शेवटी चष्मेवाले म्हणाले, "मास्तरांची खूण होती ती, वहिनी. त्यांचं वरचं बटण कायम उघडं. पण हातात काही नसताना थाप मारायची झाली, की हात आपोआप वर जायचा आणि बटण लावलं जायचं. त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. आम्हा तिघांना होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर लावायचं थांबवलं असतं," पोस्टमन म्हणाला. "मग आम्हाला कळलं कसं असतं?"

वहिनी हसली. मला वाटलं, झालं, हसली, आता सगळं ठीक होईल. पण तिचा हात अजून त्या बटणावरच होता, आणि ते हसू चेहऱ्यावरून हळूहळू उतरत गेलं.

"गळ्याला काही लागलेलं त्यांना खपायचं नाही," ती म्हणाली. "लग्नापासून भांडत आले मी, की वरचं बटण लावा, शिंपिणीचा नवरा ना तुम्ही. कधी लावलं नाही. आणि गेलं वर्षभर घरी सदा लावलेलं. मी विचारायची, जेवला का नाहीत? म्हणायचे, पोट भरलंय. हात गळ्याशी. बरं वाटतंय ना? मस्त. हात गळ्याशी. मला वाटायचं, थंडी वाजते."

मी पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. उत्तर मिळालं होतं. ज्याला खोटं बोलता येत नाही म्हणून मी छातीठोक सांगत होते, तो माझा भाऊ वर्षभर जेवणाच्या टेबलावर बसून थाप मारत होता. मला त्याचा इतका राग आला, की समोर असता तर कानाखाली वाजवली असती. आणि मग मिठी मारली असती.

"म्हणजे ठाऊक होतं त्याला," मी म्हटलं. "आणि तुला अंधारात ठेवलं."

"अंधारात?" वहिनीने माझ्याकडे बघितलं. "अगं, मी शिंपीण आहे. ते बटण लावायला लागले आणि कॉलर गळ्याभोवती सैल दिसायला लागली. आधी बोट जाईल एवढी, मग दोन. मी एकेक शर्ट धुऊन आला की बटण उसवून जरा आत लावत गेले. त्यांना आरशात कळू नये म्हणून. हा शेवटचा शर्ट. याची ट्रायल घेताना मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या. एकाही टाचणीची गरज नव्हती. पण तोंड मोकळं असतं, तर माप तोंडातून निघालं असतं ना गं. मोठ्याने."

मी बाकावर बसले. एवढे दिवस ती मला विचारत होती, ह्यांना ठाऊक होतं का. स्वतःला ठाऊक होतं, हे तिने मला, सख्ख्या नणंदेला, सांगितलं नव्हतं.

"एवढंच कळायला हवं होतं," ती सलूनवाल्यांना म्हणाली. "ते एकटे होते का त्यात. मी बोलले नाही म्हणून ते एकटे पडले का."

सलूनवाले उठले, मधलं दार लावून आले आणि बसले नाहीत. खुर्चीमागे उभे राहिले, गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहतात तसे.

"वडिलांची शिकवण मोडतोय," ते म्हणाले. "शेवटची दाढी करायला आले होते मास्तर. मी कॉलर आत दुमडायला गेलो तेव्हा म्हटलं, मास्तर, एवढे उतरलात, पण कॉलर कशी मापात बसते तुमची! तर त्यांनी मला कॉलरच्या पट्टीवर जुन्या टाक्याची भोकं दाखवली. ओळीने होती. म्हणाले, दर खेपेला थोडं आत येतंय बघा. तिला सगळं कळलंय. बोलत नाही, एवढंच. मी म्हटलं, मग तुम्ही तरी बोला. तर म्हणाले, नको. ती रात्रभर जागून माझ्यासाठी थाप मारतेय, तिचा डाव कसा उघडा पाडू?"

वहिनीने कॉलरच्या पट्टीवर बोट फिरवलं. ती भोकं आम्हाला कुणाला दिसत नव्हती, तिच्या बोटाला लागत होती. मग ती रडली. दादा गेल्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मोठ्याने रडली, तिला हळू काही करता येतच नाही. चष्मेवाले चष्मा पुसत राहिले. पोस्टमन म्हणाला, "वहिनी, मी पॅक. मी पॅक म्हणतो." तिने मान हलवली.

"नाही. तुम्ही थाप पकडलीत. पत्ते दाखवायला हवेत. नियम आहे."

डोळे पुसून तिने आपले दोन पत्ते उचलले. टाचण्या डबीत होत्या. तिने एक पत्ता उलटा केला, टेबलावर ठेवला आणि दुकानातल्या आवाजात, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "चौकट तिर्री."

दुसरा ठेवला. "इस्पिक सत्ती. हातात काही नाही."

मग तिने उजवीकडे मान वळवली. "घेतलं का?"

तिघेही पुरुष खाली बघत होते. मी उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"घेतलं," मी म्हटलं.